जुन्या मापाचे दात

दातवालीचे स्वतःचे सगळे दात शाबूत होते, तरीही ती भात पार गाळ होईपर्यंत शिजवत असे. भाजी अशी मऊ, की चमच्याने नुसती दाबली तरी बसावी. पाव आधी दुधात बुडवायचा, मगच तोंडात घालायचा. एकदा शेजारीण मीठ मागायला आली, पातेल्यात डोकावली आणि म्हणाली, "घरात कोणी आजारी आहे का गं?" घरात कोणीच नव्हतं. दीड खोली, एक खाट, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी आणि ती. तिने मिठाची वाटी पुढे केली आणि विषय तिथेच राहिला.

ही सवय सासरची. सासूबाईंचे दात पन्नाशीत हलायला लागले आणि साठीच्या आत एकेक करून निघून गेले. पुढे दातवालीनेच त्यांना कवळी करून दिली, पण संध्याकाळचं जेवण त्या कवळी काढून ठेवूनच जेवत. "दिवसभर परक्याचे दात वागवले, आता माझ्या हिरड्यांना सुखाने जेवू दे," म्हणत. मग त्यांच्यापायी सगळ्या घराचाच भात मऊ होई. नवरा कुरकुरायचा, "आपल्या घरात जेवत नाहीत, पितात." सासूबाई हसायच्या आणि दातवालीही हसायची.

त्या घरातून बाहेर पडून तिला चार वर्षं झाली होती. घटस्फोटाच्या कागदावर सही करून आली त्याच आठवड्यात तिने उशी बदलली, अंथरूण बदललं, कामावर जायचा रस्तासुद्धा बदलला, कारण जुन्या रस्त्यावर नवऱ्याच्या ओळखीचं दुकान लागत होतं. बदलता येण्यासारखं होतं ते सगळं बदललं. भात तेवढा राहून गेला.

दातवाली हे नाव इमारतीतल्या बायकांनी ठेवलेलं. ती जिथे काम करी, तिथे दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांची मापं येत आणि त्यांवरून कवळ्या बनत. लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, मेण वितळवायचा दिवा, कोपऱ्यात घासायचं यंत्र, आणि ज्यावर त्यावर पांढऱ्या भुकटीचा थर. पेशंट इथे कधीच येत नसे. त्याचं तोंड तेवढं यायचं, आधी लगद्यात उमटलेलं आणि मग प्लास्टरमध्ये ओतलेलं. त्या प्लास्टरच्या जबड्याला साचा म्हणत. माणूस कसा दिसतो ते दातवालीला ठाऊक नसे, पण तो कोणत्या बाजूने चावतो, रागावला की दात कसे आवळतो, हे तिला साच्यावरून हात फिरवताच कळे.

काम तिने वडिलांकडे शिकलेलं. आई ती नऊ वर्षांची असताना गेली. घरात बघायला दुसरं कोणी नाही म्हणून वडील तिला शाळेनंतर आपल्या टेबलाशेजारी बसवत, आणि बसल्या बसल्या पोरीचे हात मेणात गेले. वडिलांचा एक नियम होता. कवळी झाली की साचा वर्षभर ठेवायचा, मग पोत्यात टाकायचा. "तोंड काय दगडाचं असतं होय?" ते म्हणत. "दात गेले की खालचं हाड रोज झिजतं, हिरडी खाली बसते. दोन वर्षांपूर्वीच्या मापावर काम करणारा एक तर आळशी, नाही तर येडा."

लग्न होऊन ती सासरी गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई मागे येऊन बसल्या आणि काही न बोलता तिच्या हातातली फणी घेऊन केस विंचरू लागल्या. नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या केसांना दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. गुंता ओढला गेला की त्या "अगं, अगं" म्हणत, जणू दुखतंय ते त्यांनाच. दातवालीने त्याच दिवसापासून त्यांना आई म्हटलं. तोंडदेखलं म्हणायचे शब्द असतात तसा तो तिच्याकडे राहिला नाही.

लग्नाच्या पाचव्या वर्षी तिने त्यांची कवळी केली. पुढचे दात किंचित जरी लांब राहिले तरी 'स' म्हणताना शीळ वाजते, म्हणून मेणात दात लावून झाले की 'स'चे शब्द बोलून बघायचे असतात. ती म्हणाली, "आई, 'स'चं काहीतरी बोला." सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि बोलत सुटल्या, "सूनबाई, सूनबाई, सूनबाई." शीळ वाजली. तिने दात काढले, केसभर घासले, परत लावले. "सूनबाई." पुन्हा शीळ. सारी दुपार घरात तेवढा एकच शब्द वाजत होता. शेवटी शीळ थांबली आणि तो शब्द तेवढा राहिला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता दुसरं काही बोललेच नाही तरी चालेल." त्या साच्याच्या तळाला दातवालीने नाव लिहिलं नाही. पेन्सिलने 'आई' लिहिलं. आणि वर्ष उलटलं तरी तो पोत्यात टाकला नाही, बिस्किटांच्या जुन्या डब्यात जपून ठेवला.

आणखी सहा वर्षांनी नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं की आपलं जमत नाही. रविवार होता. तो चिडला नव्हता, आणि तेच वाईट होतं. सुट्टीला कुठे जायचं नाही हे सांगावं, तसं त्याने सांगितलं. पुढे सगळं उघड झालं, दुसरी कोणी आहे हेही. पण त्या क्षणी दातवालीने नवऱ्याकडे पाहिलंच नाही. टेबलाच्या टोकाला सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, तिची नजर त्यांच्यावर होती. फार काही नको होतं तिला. "हिने काय केलंय?" एवढं पुरलं असतं. नुसतं "अरे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. सासूबाईंची बोटं थांबली नाहीत. एक पाकळी, दुसरी पाकळी, सालं बाजूला. दातवालीनेच बसवलेल्या दातांच्या आत ती जीभ गप्प राहिली.

दोन बॅगा आणि बिस्किटांचा डबा घेऊन ती निघाली, तेव्हाही त्या दारात उभ्या राहिल्या आणि खाली पाहत राहिल्या.

पहिलं वर्ष कसं गेलं ते तिला आठवत नाही. दुसऱ्या वर्षी रडू आपोआप येणं थांबलं. तिसऱ्या वर्षी ती हसायला लागली, आणि त्याचं श्रेय बहुतेक पॉलिशवालीचं. ही कोपऱ्यातल्या यंत्रावर कवळ्यांना चकाकी द्यायची, वयाने दहा वर्षं मोठी, जिभेला हाड नसलेली. "तुझा नवरा गेला ते बरं झालं," ती एकदा म्हणाली. "माझा जात नाही, मी काय करू?" सकाळी कामावर निघण्याआधी दातवाली खिडकीशी उभी राहून हात जोडत असे. नवरा परत दे असं तिने देवाजवळ कधी मागितलं नाही, सुख दे असंही नाही. तिचं मागणं एकच होतं. त्या घरातली अकरा वर्षं मी त्या बाईच्या लेखी कोणी होते की नव्हते, तेवढं मला कळू दे. कळलं की मी गप्प बसेन, देवा. देव सगळ्यांचं ऐकतो. पण त्याची सांगायची पद्धत त्याची असते.

एका मंगळवारी दवाखान्याकडून एक पुडकं आलं. आत खालची कवळी, मधोमध तुटून दोन तुकडे झालेली. दातवालीने तुकडे जुळवून धरले आणि उजेडात नेले. डाव्या बाजूचा सुळा जरासा तिरका होता. तो तिने मुद्दाम तिरका लावला होता, कारण अगदी सरळ दात सासूबाईंच्या तोंडात खोटे दिसत होते. सोबतच्या चिठ्ठीवर नाव, वय, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात: 'पेशंट माप देत नाही. फोन करा.'

दवाखान्याच्या डॉक्टर तरुण होत्या, दातवालीला ताई म्हणत. "अहो ताई, या आजींना लगदा तोंडात घेतला की उलटी येते. मी दोनदा प्रयत्न केला. म्हणाल्या, 'ज्या बाईने केले तिच्याकडे माझं माप आहे, तिलाच सांगा.' तुमच्याकडे आहे का खरंच?"

"नक्की काय म्हणाल्या त्या?"

"हेच."

"बाई म्हणाल्या? का दुसरं काही?"

"ताई, मला शब्दन्शब्द कसा आठवेल? बाई म्हणाल्या असतील. का बरं?"

"काही नाही. आहे माझ्याकडे माप."

पॉलिशवालीने यंत्र बंद केलं होतं. तिला सगळं माहीत होतं, डब्याचंही. "दहा वर्षांपूर्वीचं माप," ती म्हणाली. "तुझ्या बापाने काय शिकवलंय तुला?"

"ते तोंड माझ्या हाताखालचं आहे."

"तोंड असेल गं तुझ्या हाताखालचं. हिरड्या काय तुला विचारून झिजतात?"

"उलटी येते त्यांना. म्हातारं माणूस आहे."

"मला तरी खरं सांग."

दातवालीने मान खाली घातली. "त्यांनी आठवण ठेवली," ती म्हणाली. "चार वर्षांनी आठवण ठेवली की माझ्याकडे माप आहे. आता मी त्यांना सांगू, ते माप चालणार नाही?"

पॉलिशवालीने यंत्र सुरू केलं.

त्या आठवड्यात दातवालीने जसं काम केलं तसं आयुष्यात केलं नव्हतं. घरून डबा आणला, त्यातला साचा काढला, फडक्याने पुसला. तळाची पेन्सिल पुसट झाली होती पण वाचता येत होती. वरची कवळीही नवी करायची ठरली, जोड नीट बसावी म्हणून. एकेक दात हातात घेऊन उजेडात धरला, सुळा पुन्हा तसाच तिरका लावला, हिरडीचा रंग तीनदा बदलला. मेणावर दात लावून ते आधी पेशंटच्या तोंडात बघायचे असतात. डॉक्टरांनी फोन केला, "आजींना कधी बोलावू?" दातवाली म्हणाली, "बोलवायला नको. तोंड ओळखीचं आहे माझ्या." डॉक्टरांचा तिच्या हातावर विश्वास होता. त्यांनी मानलं.

कवळ्या गेल्या. आठवड्याने तिने भीत भीत विचारलं. "काही तक्रार नाही, आजी खूश आहेत," डॉक्टर म्हणाल्या. दोन आठवड्यांनी विचारलं. तक्रार नाही. चार आठवड्यांनीही नाही.

ते दिवस तिचे फार चांगले गेले. खिडकीला तिने पिवळा पडदा शिवला. शेजारणीने विचारलं, "कोणी येणार आहे वाटतं?" तेव्हा ती म्हणाली, "यायला कशाला हवं कोणी," आणि स्वतःशीच हसली. काम करताना मनात यायचं, आता या घटकेला ते दात त्या तोंडात आहेत, बोलताहेत, चावताहेत. सकाळी हात जोडताना तिने मागणं मागितलं नाही, नुसते आभार मानले. तिला वाटलं, उत्तर मिळालं.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी डॉक्टरांचा फोन आला. आवाज बदललेला होता. "ताई, तुम्ही इकडे येऊ शकाल का? आत्ता."

दवाखान्याच्या जिन्यात नवरा उभा होता. म्हणजे ज्याला ती मनात अजून नवरा म्हणत असे तो. कानांवरचे केस पांढरे झाले होते. दोघंही एकमेकांना वाट देण्यासाठी एकाच बाजूला सरकली.

"कशी आहेस?"

"बरी आहे."

"आईने काही खाल्लंच नाही महिनाभर," तो म्हणाला. तो चिडला नव्हता, दमला होता. "दूध आणि पाणी. विचारलं की म्हणायची, भूक नाही. आज बायकोने जबरदस्तीने तोंड उघडायला लावलं तर आत सगळं सोललेलं. आणि घराजवळ दोन दवाखाने आहेत, पण नाही. हिला इथेच यायचं. दोन बस बदलून. का, तर सांगत नाही."

दातवाली एक पायरी चढली आणि कठड्याला धरून थांबली. मग वर गेली.

खुर्चीवर सासूबाई केवढ्याशा दिसत होत्या. गाल आत गेलेले, गळ्याची शीर दिसणारी. शेजारच्या ताटलीत नव्या कवळ्या धुऊन ठेवलेल्या, चकचकीत, सुंदर. डॉक्टरांनी दिवा वळवला आणि आत बघायची खूण केली. खालच्या हिरडीवर, उजवीकडे जिभेच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी जखम होती, कडांना पांढरी पडलेली. हिरडी कुठल्या कुठे खाली बसली होती. त्या साच्याशी तिचं कसलंच नातं उरलं नव्हतं. पहिल्या वर्षाचं शिकाऊ पोरसुद्धा हे सांगू शकलं असतं.

डॉक्टर औषध आणायला आतल्या खोलीत गेल्या.

"चूक माझी आहे," दातवाली म्हणाली. "जुन्या मापावर करायलाच नको होतं. पहिल्या दिवसापासून दुखलं असेल."

सासूबाई छताकडे पाहत होत्या. दातांविना शब्द मऊ, ओलसर येत होते. "दुखलं थोडं."

"थोडं? महिनाभर काही खाल्लं नाहीत तुम्ही. काढून का नाही ठेवले? का नाही सांगितलं?"

"परत पाठवले असते तर तुझ्या कामाला नाव ठेवल्यासारखं झालं असतं."

"मग नाव ठेवायचं होतं." दातवालीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बोलायचं होतं. तुम्ही कधीच का बोलत नाही? इथे दुखतंय, तरी नाही. त्या दिवशी..." तिने ओठ मिटले. पण चार वर्षं आत ठेवलेलं होतं, ते मिटल्या ओठांनी थांबेना. "त्या दिवशीसुद्धा नाही. मी तुमच्याकडेच बघत होते."

"माहीत आहे."

"एक शब्द."

सासूबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "घर त्याचं होतं गं. मी कुठे जाणार होते? तू निघालीस, तुझ्या हातात काम होतं. माझ्या हातात लसूण होता."

हे उत्तर होतं. दातवाली चार वर्षं ज्याची वाट पाहत होती, ते असं निघालं. त्यात माफी नव्हती, खोटंही काही नव्हतं. तिला रागवायचं होतं पण ज्याच्यावर रागवायचं ते एवढंसं होऊन खुर्चीत पडलं होतं, जिन्यातून मुलाच्या खोकण्याचा आवाज आला तरी दचकत होतं.

"इथेच का आलात?" तिने विचारलं. "जवळचे दवाखाने सोडून?"

"त्या दोन्हीकडे विचारलं, दात कोण करतं तुमचे. एकाकडे म्हणाले, एक गृहस्थ करतात. दुसऱ्याकडे म्हणाले, बाहेरून येतात." सासूबाईंनी डॉक्टर गेल्या होत्या त्या खोलीकडे बोट केलं. "हिने सांगितलं, एक बाई करते, बापाकडे शिकलेली. म्हटलं, मग इथेच."

दातवालीने तोंड वळवलं आणि लगदा कालवायची वाटी पुढे ओढली. हे काम डॉक्टरांचं, पण तिला माप कसं घेतात ते येत होतं, आणि हात रिकामे ठेवायचे नव्हते. डॉक्टर दारात आल्या, त्यांनी पाहिलं, मानेने हो म्हटलं. जखम भरायला दोन आठवडे द्यायचे आणि मग खरं माप घ्यायचं असं ठरलं, पण आज निदान लगदा तोंडात राहतो का ते बघायचं होतं.

"आजी, तोंड उघडा," दातवाली म्हणाली.

सासूबाईंनी तोंड उघडलं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आजी म्हणालीस मला."

"इथे सगळ्यांना म्हणतात."

"हो ना." त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे." आणि तोंड उघडलं.

दातवाली म्हणाली, "नाकाने श्वास घ्या. पायाचे अंगठे हलवत राहा, लक्ष तिकडे ठेवा. उलटी येत नाही." चपलांतून म्हाताऱ्या पायांचे अंगठे वर-खाली होऊ लागले. लगदा घट्ट होईपर्यंत तिने एका हाताने त्याचा पसरट चमचा तोंडात धरून ठेवला आणि दुसरा हात, कुठे ठेवायचा ते न सुचल्यामुळे, त्यांच्या कपाळावर ठेवला. उलटी आली नाही. तीन मिनिटं लागतात. ती तीन मिनिटं कोणालाच काही बोलता येत नव्हतं आणि ते बरंच होतं.

उठताना सासूबाईंनी तिचा हात धरला. बोटांना प्लास्टरने चिरा पडलेल्या. "हात किती फुटलेत," त्या म्हणाल्या. "तेल लावत जा." पूर्वीही हेच म्हणायच्या, दर थंडीत.

जखम भरली. नवीन माप झालं, नवा साचा झाला. या वेळी दातवालीने मेणावरची कवळी घेऊन दवाखान्यात जायचं ठरवलं. मालक म्हणाले, "तू कधीपासून पेशंटकडे जायला लागलीस?" पॉलिशवाली यंत्रामागून म्हणाली, "जाऊ द्या हो तिला, एकदा न जाऊन पाहिलंय."

सासूबाईंबरोबर या खेपेला त्यांची आताची सून आली होती. तरुण, घाईत असलेली, पण वाईट नव्हती. सासूची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली होती आणि त्यांची चप्पल तिने वाकून सरळ केली. दातवालीने ते पाहिलं. दुखलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. दोन्ही एकदम होतं हे तिला नवीन होतं.

दात तोंडात बसले. डॉक्टर म्हणाल्या, "आजी, आता 'स'चं काहीतरी बोला. शीळ येते का बघू."

सासूबाईंनी दातवालीकडे पाहिलं. दातवाली हातातल्या, मेण कापायच्या चाकूकडे पाहत राहिली. तिला ठाऊक होतं, त्या शब्दाला त्या घरात आता दुसरी कोणी ओ देते, आणि ती इथेच बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. तरी तिने वाट पाहिली. माणूस पाहतोच.

"साठ," सासूबाई म्हणाल्या. "एकसष्ट. बासष्ट. त्रेसष्ट."

शीळ नव्हती. एकदाही नव्हती. सहासष्टला त्यांचा आवाज किंचित अडला, पण तो दातांमुळे नव्हता. सत्तरपर्यंत जाऊन त्या थांबल्या.

"बस?" त्यांनी विचारलं.

"बस," दातवाली म्हणाली. "नीट बसलेत."

कवळ्या तयार होऊन गेल्या. महिन्याने दातवालीने दवाखान्यात फोन केला. योगायोगाने सासूबाई तिथेच होत्या, तपासणीला आलेल्या. "काही तक्रार नाही म्हणतात आजी," डॉक्टर म्हणाल्या.

"त्यांना विचारू नका."

"म्हणजे?"

"विचारलं तर त्या नाहीच म्हणतील. तोंड उघडून बघा. खालची उजवी बाजू, जिभेकडून. बोट फिरवून बघा. मी थांबते."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांबून काहीतरी बोलणं, खुर्ची मागे सरकवल्याचं कुरकुरणं. दातवाली कानाला फोन लावून उभी होती. समोर कट्ट्यावर नवा साचा होता. त्याच्या तळाला तिने चिठ्ठीवरचं पूर्ण नाव, वय आणि तारीख लिहिली होती, सगळ्यांची लिहितात तशी.

"स्वच्छ आहे," डॉक्टर परत येऊन म्हणाल्या. "गुलाबी, एकही डाग नाही. काल सफरचंद खाल्लं म्हणे, फोडी न करता."

"बरं," दातवाली म्हणाली. "बरं झालं."

मग तिने डब्यातला जुना साचा काढला. पॉलिशवालीने यंत्र बंद केलं, पण तिच्याकडे न बघता बोटांवरची भुकटी झाडत बसली. दातवालीने तळाची पेन्सिल एकदा अंगठ्याने चोळली. ती गेली नाही, पसरली तेवढी. तिने साचा पोत्यात टाकला नाही, वाकून हाताने आत ठेवला, दुसऱ्या कोणाकोणाच्या जबड्यांशेजारी. ते पोतं शनिवारी जातं. हा मंगळवार होता. बुधवारी, गुरुवारी आणि शुक्रवारी ती त्या पोत्याजवळून अनेकदा गेली आणि तिने हात घातला नाही.

शनिवारी संध्याकाळी घरी येऊन तिने भात टाकला आणि नेहमीपेक्षा आधी उतरवला. कच्चा नव्हता, पण दाणा दाताला लागत होता. पिवळ्या पडद्याशी बसून ती तो चावत राहिली. चावता चावता डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिने पुसलं नाही. जेवायला बराच वेळ लागला.